गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी: जुन्या ऑटोमॅटिक मर्सिडीजचे निदान

साताऱ्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी हौसेने घेतलेली १९८२ ची मर्सिडीज ३०० डी, म्हणजे डब्ल्यू १२३ मालिकेतली पाच सिलिंडरची, टर्बो नसलेली डिझेल ऑटोमॅटिक गाडी तीन वर्षे शेडमध्ये उभी होती. आता ती रस्त्यावर काढली, तर लिव्हर ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या स्थानात, टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी धक्का देऊन उचलते. पुढचे गिअरही झटक्याने पडतात. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जाताना, गाडी चांगली तापल्यावर, दुसऱ्यातून तिसरा पडताना मात्र इंजिन नुसतेच रेस होते आणि गाडी ओढत नाही. रिव्हर्स व्यवस्थित आहे. गिअरबॉक्समध्ये महिन्याला सुमारे अर्धा लिटर ऑइल घालावे लागते, तरी शेडची फरशी कोरडी असते. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, चावी बंद केल्यावर इंजिन दोन-तीन सेकंद धडधडत राहते, असेही लिहिले आहे. एका मिस्त्रींच्या मते गिअर पकडणाऱ्या आतल्या क्लच प्लेटा गेल्या असून बॉक्स खोलावा लागेल, तर दुसऱ्यांनी घसरण थांबवणारे बाटलीतले औषध घालायला सांगितले आहे.

माझा सल्ला असा, की यांपैकी एकही गोष्ट तूर्त करू नये. पत्रातली सर्वांत मोलाची वाक्ये आपण शेवटी लिहिली आहेत. ऑइल कमी होते पण खाली ठिपका नाही, आणि चावी काढल्यावरही इंजिन लगेच थांबत नाही, ही दोन लक्षणे एकत्र आली की माझे लक्ष गिअरबॉक्सच्या आत जाण्याऐवजी त्याच्या बाहेर लावलेल्या एका छोट्या गोल डबीकडे आणि तिला जोडलेल्या नळीकडे जाते. ही डबी म्हणजे व्हॅक्यूम मॉड्युलेटर. ती फाटली आहे असे मी येथे सांगलीत बसून छातीठोकपणे सांगणार नाही, परंतु ती तपासल्याशिवाय बॉक्सचा एक बोल्टही सैल करू देणार नाही.

या पिढीच्या ऑटोमॅटिकमध्ये संगणक नाही, त्यामुळे निर्णय घेण्याचे सगळे काम ऑइलचा दाब करतो. इंजिनबरोबर फिरणारा पंप दाब तयार करतो, मागच्या शाफ्टवर फिरणारा गव्हर्नर गाडीचा वेग किती आहे ते कळवतो, आणि ॲक्सिलरेटरला जोडलेली बोडन केबल चालकाने पाय किती दाबला आहे ते कळवते. गव्हर्नर आणि केबल यांच्या ओढाताणीतून गिअर केव्हा पडायचा हे ठरते. तो किती जोराने पडायचा, म्हणजे क्लच प्लेटा मऊपणे मिटायच्या की दणक्यात, हे मुख्यतः मॉड्युलेटर ठरवतो. त्याला नळीतून भरपूर व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून घेणारा जोर, मिळाला तर इंजिनवर भार कमी आहे असे समजून तो दाब उतरवतो. व्हॅक्यूम मिळालाच नाही, तर गाडी पूर्ण भाराने चढावर आहे असे समजून तो दाब चढवून ठेवतो आणि सपाट रस्त्यावर हलक्या पायानेही प्रत्येक गिअर पाठीत गुद्दा मारल्यासारखा पडतो. पेट्रोल गाडीत हा व्हॅक्यूम इंजिनच्या मॅनिफोल्डमधून फुकट मिळतो. डिझेल इंजिनाला हवा अडवणारा तसा थ्रॉटल नसल्यामुळे मर्सिडीजने इंजिनच्या पुढच्या बाजूला वेगळा व्हॅक्यूम पंप दिला. त्याच एका पंपावर ब्रेक बूस्टर, दारांची मध्यवर्ती कुलपे, चावी फिरवल्यावर इंजिन बंद करणारी झडप आणि गिअरबॉक्सचा मॉड्युलेटर हे सारे कुटुंब पोसले जाते. म्हणूनच इंजिन बंद व्हायला लागणारा वेळ हे या गाडीत गिअरबॉक्सच्या तक्रारीचेही लक्षण ठरू शकते. ज्याने फक्त पेट्रोल ऑटोमॅटिक पाहिल्या आहेत, त्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

आता ऑइल कुठे जाते ते पाहू. मॉड्युलेटरच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूला व्हॅक्यूमची नळी आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचे ऑइल असते. पडदा चिरला की व्हॅक्यूम ते ऑइल नळीवाटे ओढून घेतो. पेट्रोल गाडीत ते इंजिनमध्ये जळते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, त्यामुळे निदान तरी लवकर होते. आपल्या डिझेलमध्ये ते व्हॅक्यूम पंपातून थेट इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरते. धूर नाही, फरशीवर डाग नाही, आणि डिझेल इंजिनचे ऑइल मुळातच काळेभोर असल्याने त्यात मिसळलेला लाल रंगही दिसत नाही. इंजिन ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी काढून पाहावी. इतक्या वर्षांच्या डिझेल इंजिनला अधूनमधून थोडे ऑइल लागतेच. गेल्या काही महिन्यांत ते मुळीच घालावे लागले नसेल, किंवा पातळी वरच्या खुणेच्याही पुढे गेली असेल, तर आपले हरवलेले अर्धा-अर्धा लिटर कुठे साठले आहे ते कळेल.

एकाच गाडीत झटका आणि घसरण या उलट्या तक्रारी का याव्यात, हा प्रश्न आपल्या मिस्त्रींनाही पडला असावा. व्हॅक्यूम नाही म्हणून दाब जास्त, आणि दाब जास्त म्हणून झटका, इतके सरळ आहे. परंतु गिअरबॉक्समधली पातळी उतरली की घाटात ऑइल त्याच्या चेंबरच्या मागच्या बाजूला साचते, बॉक्सचा पंप ऑइलबरोबर हवाही ओढू लागतो आणि हवा दाबली जात असल्याने प्लेटा पुरत्या मिटत नाहीत. त्यातच तापलेले ऑइल पातळ होऊन जुन्या, कडक झालेल्या सीलांमधून निसटते. सकाळी ‘डी’मध्ये लागणारा उशीरही बऱ्याच अंशी याच कमी पातळीतून येतो. झिजलेल्या प्लेटाही गरम झाल्यावर जास्त घसरतात हे खरे आहे, त्यामुळे घाटातल्या रेसवरून एकट्याने निकाल लावता येत नाही. मात्र झटका, घसरण, अदृश्य गळती आणि उशिरा बंद होणारे इंजिन ही चारही लक्षणे एका फाटक्या पडद्याने आणि थकलेल्या व्हॅक्यूमने समजावता येत असतील, तर चार वेगळे रोग मानण्याचे कारण उरत नाही.

पहिले काम पातळी मोजण्याचे. ते सोपे वाटते, पण दहापैकी निम्मे लोक ते चुकीचे करतात. गाडी आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गिअरबॉक्स तापवावा, कारण इंजिनचा काटा ८० अंशांवर आला म्हणजे गिअरबॉक्स तापला असे नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, ब्रेक दाबून लिव्हर एकदा सर्व स्थानांतून सावकाश फिरवावा, ‘पी’मध्ये (पार्किंगच्या स्थानात) आणावा, आणि इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू असतानाच पट्टी काढावी. इंजिन बंद करून पाहिले तर कन्व्हर्टरमधले, म्हणजे इंजिनची शक्ती ऑइलमार्फत बॉक्सकडे देणाऱ्या भागातले, ऑइल खाली उतरते आणि पातळी खोटी दिसते. थंड गाडीत पातळी गरम खुणेपेक्षा तीन-चार सेंटिमीटर खाली दिसणे हे योग्यच असते. ते पाहून घाबरून जो वरच्या खुणेपर्यंत भरतो, त्याचे ऑइल तापून फुगते, फिरत्या भागांत घुसळून त्याचा फेस होतो आणि मग कमी ऑइलमुळे होते तशीच घसरण जास्त ऑइलमुळे होते. पट्टीवरच्या दोन खुणांमधले अंतर सुमारे ३०० मिलीचे आहे, म्हणून अर्धा लिटर एकदम ओतू नये. पट्टी पुसायला गॅरेजमधले सुताचे वेस्ट किंवा बनियनची चिंधी वापरू नये. त्यातला एखादा धागा व्हॉल्व्ह बॉडीतल्या, म्हणजे ऑइलच्या वाटा बदलणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यातल्या, केसाएवढ्या फटीत अडकला की चांगल्या बॉक्सचे दुखणे सुरू होते. मी न उसवणारा, धुतलेला नायलॉनचा तुकडा वापरतो.

जुन्या अमेरिकन गाड्या बाळगणाऱ्यांसाठी येथेच सांगतो, की पातळी कुठल्या स्थानात पाहायची हे बॉक्सवर अवलंबून असते. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट बॉक्सची पातळी ‘एन’मध्ये (न्यूट्रलमध्ये) पाहतात, तर जनरल मोटर्सच्या बॉक्सची ‘पी’मध्ये. ऑइलचेही तसेच आहे. आपल्या मर्सिडीजला डेक्सरॉन जातीचे ऑइल चालते. जुन्या फोर्डना आणि बऱ्याच इंग्लिश गाड्यांतल्या बोर्ग वॉर्नर ३५ या बॉक्सला टाइप एफ ऑइल लागते, ज्याची पकड वेगळी असते. दोन्ही ऑइले लालच असल्याने डब्यावरचे नाव वाचण्याला पर्याय नाही.

आता मॉड्युलेटर. गाडी रॅम्पवर किंवा भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. मॉड्युलेटरच्या तोंडावरची रबरी नळी हळूच पिळून ओढावी आणि तिचे टोक पांढऱ्या कागदावर टेकवावे. कागदावर लालसर डाग उमटला, तर निदान तेथेच झाले, कारण त्या नळीत हवेशिवाय काहीही असता कामा नये. डाग नसला तर व्हॅक्यूमच्या हातपंपाने मॉड्युलेटरला १५ इंच (पाऱ्याच्या मापाने) व्हॅक्यूम द्यावा आणि दोन मिनिटे काट्यावर नजर ठेवावी. काटा घसरला तर पडदा गळतो आहे. नवा मॉड्युलेटर बसवताना त्याचा ओरिंग आणि आतली छोटी पिन जपून बदलावी. ही पिन ऑइलबरोबर बाहेर येऊन रॅम्पखाली हरवणे हा माझ्याकडच्या नव्या पोरांचा ठरलेला उद्योग आहे. मॉड्युलेटरच्या टोपणाखाली दाब कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो. गळती शोधण्यापूर्वी तो फिरवून झटका ‘घालवणारे’ कारागीर मी पाहिले आहेत. त्यांनी झटका घालवलेला नसतो, तर दाब उतरवून प्लेटा जाळण्याची सोय केलेली असते.

मॉड्युलेटर फाटलेला निघाला तरी तेथे थांबू नये. त्याच्याकडे येणाऱ्या नळीत बारीक छिद्राचा अडथळा मुद्दाम ठेवलेला असतो, त्यामुळे एकट्या मॉड्युलेटरच्या गळतीने सहसा इंजिन बंद व्हायला उशीर लागत नाही. त्याअर्थी व्हॅक्यूमची दुसरी गळतीही असण्याचा दाट संभव आहे, आणि डब्ल्यू १२३ मध्ये ती बहुधा दारांच्या कुलपांतल्या रबरी पडद्यांत सापडते. कुलपांकडे जाणारी नळी तात्पुरती बंद करून पाहावी. त्यानंतर चावी फिरवताच इंजिन पटकन थांबले तर गळती दारांत आहे. तीन वर्षे शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनाही विसरू नये. आपल्याकडे ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर शेडचा आसरा धरतात, आणि व्हॅक्यूमचे रबरी सांधे त्यांना विशेष प्रिय असतात.

मुख्य व्हॅक्यूम पंपाचे माप घेताना साताऱ्याची उंची ध्यानात ठेवावी. समुद्रसपाटीवरून दर ३०० मीटर वर गेले की गेजवर सुमारे एक इंच व्हॅक्यूम कमी दिसतो. सातारा ७०० मीटरच्या आसपास आहे, म्हणून मुंबईत २४ इंच दाखवणारा निरोगी पंप आपल्याकडे २१-२२ इंच दाखवेल आणि महाबळेश्वरला त्याहूनही कमी. पुस्तकातल्या आकड्याशी ताडून चांगला पंप बदलायला लावल्याचे उदाहरण मला ठाऊक आहे. पंपाचा आकडा ठीक असेल, तर इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपावरची लहान व्हॅक्यूम झडप पाहावी. स्लोवर तिच्यातून बाहेर पडणारा व्हॅक्यूम भरपूर असावा आणि ॲक्सिलरेटर दाबत गेल्यास तो पायऱ्या न घेता उतरत शून्याकडे यावा. बोडन केबल त्यानंतर. ती ढिली असेल तर गिअर लवकर पडतात आणि मध्ये इंजिन रेस होते, आणि जास्त ताणलेली असेल तर गाडी गिअर धरून ठेवते व उशिरा सोडते. दोन्ही टोकांच्या मधली योग्य जागा शोधायला संयम लागतो. एका वेळी थोडेच फिरवावे, रस्त्यावर चालवून पाहावे आणि पूर्वीची जागा खडूने खूण करून ठेवावी.

लिव्हरच्या दांड्याला असलेल्या प्लास्टिकच्या बुशांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण त्यांनी मला एकदा चांगला धडा दिला. धंद्यात पडून चार-पाच वर्षे झाली असतील, तेव्हा तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांची अशीच मर्सिडीज माझ्याकडे आली. तक्रार घसरण्याची होती. मी उत्साहाने बॉक्स उतरवला आणि सगळा खोलून टेबलावर मांडला. एकेक प्लेट उचलून पाहिली, तर अस्तराची जाडी आणि त्यावरचे खाचे नव्यासारखे होते. तीन दिवस मी टेबलाभोवती फिरलो. शेवटी बॉक्स परत चढवताना लिव्हरचा दांडा हाताने हलवला, तर तो दोन बोटे सहज इकडेतिकडे झाला, कारण बुशांचा पार भुगा झाला होता. आत लिव्हर ‘डी’वर दिसायचा, पण खाली बॉक्सवरचा झडपेचा हात ‘डी’ आणि ‘एन’च्या मध्ये कुठेतरी थांबायचा आणि दाब अर्धवट मिळायचा. काही रुपयांच्या बुशांसाठी मी गृहस्थांची गाडी महिनाभर अडकवून ठेवली, आणि बॉक्स उघडल्याची मजुरी मागण्याचे तोंड मला राहिले नाही. तेव्हापासून ऑटोमॅटिक गाडी दारात आली की मी आधी खाली वाकून तो दांडा हलवतो. आपणही तेवढे करावे.

धक्क्याचे आणखी काही बाहेरचे धनी आहेत. बॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकांची रबरी कपलिंग चिरलेली असणे, इंजिन किंवा गिअरबॉक्सचे माउंटिंग बसलेले असणे, इंजिनचे स्लो वाजवीपेक्षा जास्त ठेवलेले असणे, यांतले काहीही ‘डी’ किंवा ‘आर’ टाकताना धक्का देते. गाडीखाली शिरलेले असताना हे सगळे पाच मिनिटांत पाहून होते.

ऑइलचा रंग आणि वास मात्र निवांतपणे पाहावा. तांबडे आणि पारदर्शक असेल तर काळजी नाही. गडद तपकिरी असून जळक्या अस्तराचा उग्र वास येत असेल तर प्लेटा खरोखरच जळल्या आहेत आणि आपल्या पहिल्या मिस्त्रींचे म्हणणे बरोबर ठरेल. स्ट्रॉबेरीच्या दुधासारखे गुलाबी झाले असेल तर रेडिएटरच्या टाकीतला ऑइल कूलर फुटून पाणी आत आले आहे. मग गाडी एक फर्लांगही चालवू नये, कारण पाण्याने प्लेटांच्या अस्तराचा गोंद सुटतो. चेंबर उतरवल्यावर तळाशी राखाडी, बोटाला मऊ लागणारी पूड असणे वयोमानाप्रमाणे साहजिक आहे. पितळी चकाकी, अस्तराचे तुकडे किंवा धातूच्या किसाचे कण दिसले तर गोष्ट गंभीर आहे. ऑइल बदलताना कन्व्हर्टरचा ड्रेन बोल्टही उघडावा. इंजिन हाताने फिरवून तो खालच्या खिडकीत आणता येतो. तो न उघडल्यास निम्मे जुने ऑइल आतच राहते. पूर्ण भरण्यास सुमारे सहा लिटर लागते. बाटलीतल्या औषधाबद्दल इतकेच, की ते सील फुगवून काही आठवडे बरे वाटवते, आणि तेवढ्या काळात खरे कारण झाकले जाते.

एक गोष्ट आपल्या बाजूने आहे ती म्हणजे गाडी पुढे चालते. या कुळातल्या बॉक्समध्ये बी-टू नावाच्या ब्रेक-पट्ट्याचा पिस्टन फुटण्याची जुनी खोड आहे. तो फुटला की रिव्हर्स उत्तम, पण पुढे गाडी हलतच नाही. मालकाला वाटते सगळा बॉक्स संपला, प्रत्यक्षात तो पिस्टन बॉक्स न उतरवताही बदलता येतो. तसेच यांतल्या बऱ्याच गाड्या हलक्या पायाने मुळातच दुसऱ्या गिअरमध्ये सुटतात आणि पाय जोरात दाबल्यावरच पहिला घेतात. ‘पहिला गिअरच नाही’ ही तक्रार त्यामुळे अनेकदा निराधार असते.

काही कारागीर लगेच स्टॉल टेस्ट घेतात, म्हणजे ब्रेक दाबून ‘डी’मध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन इंजिन किती फिरते ते पाहतात. इंजिन ठरलेल्या आकड्याच्या वर गेले तर आत घसरण आहे, आणि फार खाली राहिले तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टर बिघडला आहे. चाचणी खरी आहे, पण त्या काही सेकंदांत इंजिनची सारी शक्ती कन्व्हर्टरमधल्या ऑइलमध्ये उष्णता होऊन उतरते. तीन वर्षे उभ्या गाडीचे ब्रेक, माउंटिंग आणि सील यांच्या भरवशावर मी ती घेणार नाही. त्याऐवजी बॉक्सवरच्या तोंडाला प्रेशर गेज लावून गाडी चालवून पाहावी. दाब योग्य असूनही तिसऱ्याला घसरण होत असेल तर प्लेटा झिजल्या आहेत, आणि दाबच कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा व्हॉल्व्ह बॉडीचा दोष आहे. बॉक्स उतरवण्याचा निर्णय या गेजवरच्या आकड्यावर व्हावा.

गाडी सांगलीला आणायची झाल्यास ती टोचन लावून आणू नये. इंजिन बंद असताना ऑइल पंप फिरत नाही, पण मागची चाके बॉक्समधले भाग फिरवत राहतात आणि ते कोरडे घासले जातात. ट्रकवर चढवून आणावी, किंवा ओढणे अटळच असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडवून ठेवावा. खरे तर त्याची गरज पडेल असे मला वाटत नाही. मॉड्युलेटर, त्याच्या नळ्या आणि दांड्याची बुशे ही कामे साताऱ्यातला कोणताही काळजीपूर्वक काम करणारा फिटर करू शकेल. ती झाल्यावर गिअरबॉक्सची पातळी वर सांगितल्याप्रमाणे जमवावी, आणि इंजिनचे ऑइल फिल्टरसह लगेच बदलावे, कारण त्यात किती गिअरबॉक्सचे ऑइल मिसळले आहे हे कोणालाच मोजता येणार नाही आणि पातळ झालेले ऑइल इंजिनच्या बेअरिंगांना पुरेसे पडत नाही. मग दर आठवड्याला त्याच जागी, तितक्याच तापलेल्या गाडीत दोन्ही पट्ट्या पाहून आकडे वहीत टिपावे. महिन्याभराने दोन्ही पातळ्या जागच्या जागी असतील आणि तरीही कासच्या चढावर तिसऱ्याला इंजिन रेस होत असेल, तर ती वही आणि गेजचे आकडे मला पाठवावेत.